पाहुण्या पक्ष्यांवरचा संशय आणि सलीम अली

धानाची कापणी उरकली, बांध्या मोकळ्या झाल्या, की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या पाण्यावर पाहुणे उतरू लागतात. जुनोना तलाव, इरई धरणाचा उथळ काठ, सावलीकडचा आसोलामेंढा, नागभीडजवळची घोडाझरी आणि गावोगावचे मामा तलाव नि बोड्या. तांबूस-नारिंगी चक्रवाक जोडीनं फिरतात. टोकदार शेपटीची तलवार बदकं चोच पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे अशी उलटी होऊन चरतात. थापटे बदक आपल्या पसरट चोचीनं पाणी गाळत राहतं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब तर हिमालय ओलांडून आलेले असतात. अंगणात शेपूट हलवत धावणारा धोबी पक्षीसुद्धा बऱ्याचदा दूरदेशचाच असतो.

अलीकडे या पाहुण्यांकडे कौतुकाबरोबर थोडं धास्तीनंही पाहिलं जातं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले. हे वाघ चंद्रपूर जिल्ह्यातून तिथे हलवलेले होते. पुढच्याच महिन्यात ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्यांमध्ये हाच आजार सापडला. अशा वेळी बोट लगेच तलावाकडे जातं. रोग बाहेरून आला, तर बाहेरून आलेल्यांनीच आणला असणार, असा सरळ हिशेब मांडला जातो.

जवळपास असाच प्रश्न १९५७ नंतर एका वेगळ्या तापाच्या निमित्तानं विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर शोधण्याच्या कामात सलीम अली होते. पक्षीतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. एका साथीच्या आजाराशी त्यांचा किती जवळचा संबंध आला, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी भावंडांसह ते वाढले. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे मुलाच्या हातात लवकरच छऱ्याची बंदूक आली. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एक चिमणी पाडली. नेहमीसारखीच, पण गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले मानद सचिव मिलर्ड यांनी ती रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. या प्रसंगाची दंतकथा झाली असली तरी तो खरा आहे. पुढे १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राचं नावही त्यांनी याच चिमणीवरून ठेवलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. गणितानं छळलं, तब्येतीनं साथ दिली नाही, कॉलेज अर्धवट सुटलं. घरच्यांचा ब्रह्मदेशात टंगस्टनच्या खाणींचा आणि लाकडाचा व्यवसाय होता, तो पाहायला ते तवॉयला गेले. धंद्यात लक्ष कमी आणि भोवतालच्या जंगलात जास्त, त्यामुळे व्यवसायाचं जे व्हायचं ते झालं. मधल्या काळात मुंबईत सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्यामुळे प्राणिशास्त्राचं शिक्षण मिळालं, पण विद्यापीठाची पदवी हाती आली नाही. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पदवी नसल्यानं सरकारी संशोधन संस्थांचे दरवाजे बंदच होते. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना संग्रहालय समजावून सांगण्याची ३५० रुपये पगाराची नोकरी मिळाली. दोन वर्षांत तिचाही कंटाळा आला आणि रजा घेऊन ते बर्लिनला गेले.

बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेसेमान हे त्या काळातले मोठे पक्षीशास्त्रज्ञ होते. या भारतीय विद्यार्थ्याला त्यांनी हाताखाली घेतलं, आणि अली त्यांना आयुष्यभर गुरू मानत राहिले. याच मुक्कामात उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावरच्या केंद्रात पक्षी जिवंत पकडून त्यांच्या पायात कडी चढवण्याचं तंत्र त्यांनी पाहिलं आणि शिकून घेतलं. ॲल्युमिनियमची हलकी कडी, तिच्यावर क्रमांक आणि कळवण्याचा पत्ता. पक्षी सोडून द्यायचा. तो कधीतरी, कुठेतरी कुणाच्या हाती लागला आणि त्या माणसानं पत्र पाठवलं, तर त्या पक्ष्याच्या प्रवासाची दोन टोकं कळतात. हजार कड्या चढवाव्यात तेव्हा मूठभर पत्रं येतात. धीर नसलेल्या माणसाचं हे काम नव्हे.

१९३० मध्ये परतले तेव्हा नोकरी उरलेली नव्हती. पैशाअभावी म्युझियमनं ते पदच रद्द केलं होतं. अली पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले, आणि तिथल्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. महिनोन्‌महिने तिच्यासमोर बसून त्यांनी नोंदलं की खोपा नर विणतो, अर्धवट विणून मादीची वाट पाहतो, मादी तो तपासते, पसंत पडला तरच संसार मांडते. त्यानंतर हाच नर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी शोधतो. मराठीत त्या पक्ष्याचं नाव सुगरण पडलं आणि श्रेय मादीला गेलं, ही नराची कायमची तक्रार असायला हरकत नाही. बेकारीच्या दिवसांतल्या या निरीक्षणानं त्यांना अभ्यासक म्हणून मान्यता मिळवून दिली.

पोटापाण्याचा प्रश्न तसाच होता. तेव्हा त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. आपल्या राज्यातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी करून देतो, मेहनताना नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. पहिला होकार हैदराबादच्या निजामाच्या सरकारकडून आला आणि १९३१–३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पक्षीपाहणी झाली.

हैदराबाद म्हटलं की चारमिनार आठवतो. पण त्या राज्याची ईशान्य सीमा वर्धा आणि प्राणहिता नद्यांवर होती. अलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा, ज्यात आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही येत. पलीकडे निजामाचा आदिलाबाद. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका त्या वेळी आदिलाबादचा भाग होता. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. सागवान तेच, गोंड-कोलामांची वस्ती तीच, आणि नदी ओलांडायला पक्ष्यांना परवाना लागत नाही. त्यामुळे त्या पाहणीतून तयार झालेली यादी म्हणजे या सलग जंगलपट्ट्यातल्या पक्षीजीवनाचा आधुनिक पद्धतीनं लिहिलेला एक सुरुवातीचा दस्तऐवज आहे.

काम कसं चाले? मोहीम हिवाळ्यात सुरू करायची, कारण तेव्हा स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि वाटाही कोरड्या असतात. तंबू, बैलगाड्या, कातडी सोलून भरणारे मदतनीस. पहाटे निघायचं, नमुन्यापुरते पक्षी मारायचे, दुपारी ते सोलून, भरून, सुकवायचे. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी: गाव, तारीख, नर की मादी, पोटात काय सापडलं, विणीची लक्षणं आहेत का. पक्षी मारून पक्षीशास्त्र करणं आज खटकतं, पण तेव्हाची रीत तीच होती, आणि अलींनी ती कधी लपवली नाही. त्यांचं वेगळेपण चिठ्ठीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात होतं. त्या काळचे बहुतेक संग्राहक रंग आणि लांबी लिहून थांबत. अलींना तो पक्षी काय खातो, कुठल्या झाडावर असतो, कुणाच्या संगतीनं हिंडतो, हे हवं असे. या सगळ्यात तेहमिना बरोबर असत. इंग्लंडमध्ये शिकलेल्या या बाईंनी हिवतापाच्या जंगलांतला तंबूतला संसार आनंदानं केला, आणि मोहिमेची व्यवस्था बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच चाले.

जमवलेले नमुने इंग्लंडमध्ये ह्यू व्हिसलर तपासत. हे निवृत्त पोलीस अधिकारी पक्ष्यांचे बारकाईनं अभ्यास करणारे होते. सुरुवातीला त्यांनी अलींच्या लिखाणात चुका दाखवल्या, तेव्हा अलींना राग आला. नमुने पुन्हा पाहिल्यावर व्हिसलरचंच बरोबर असल्याचं त्यांनी मान्य केलं, आणि दोघांची पक्की मैत्री झाली. हैदराबादचा अहवाल सोसायटीच्या नियतकालिकात व्हिसलरच्या टिपणांसह छापून आला. पाठोपाठ कोचीन, त्रावणकोर, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशा पाहण्या झाल्या.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहिणीच्या कुटुंबात राहून ते काम करत राहिले. १९४१ मध्ये आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरच्या चित्रमय पुस्तकानं या देशात हौशी पक्षीनिरीक्षक ही जमात जन्माला घातली. स्वातंत्र्यानंतर सोसायटी बंद पडण्याच्या बेतात असताना नेहरूंकडे शब्द टाकून त्यांनी ती वाचवली. मोटारसायकलींचं वेड तर असं, की १९५० मध्ये स्वीडनमधल्या पक्षीशास्त्र परिषदेला जाताना आपली गाडी जहाजानं युरोपात नेऊन त्यांनी तिच्यावरून प्रवास केला. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते.

आता तो ताप. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडं मरू लागली. पाठोपाठ जंगलात जाणाऱ्या लोकांना कडाक्याचा ताप, अंगदुखी आणि काहींना रक्तस्राव होऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं, विषाणू वेगळा केला. तो गोचिडांतून पसरतो हे कळलं. चकित करणारी गोष्ट पुढे होती. त्याचे जवळचे भाऊबंद सायबेरियात आणि रशियाच्या जंगलांत सापडणारे होते. मग हजारो किलोमीटर दक्षिणेला, पश्चिम घाटात तो आला कसा? सायबेरियातून दर हिवाळ्यात भारतात कोण येतं, याचं उत्तर तयारच होतं. पक्ष्यांच्या अंगावर चिकटून गोचीड आली असणार, असा तर्क पुढे आला.

तर्क बिनडोक नव्हता. गोचीड पक्ष्यांच्या अंगावर खरोखर असते आणि पक्षी खरोखर तिथूनच येतात. सिद्ध करायचं तर कुठले पक्षी नेमके कुठून येतात आणि त्यांच्या अंगावर काय असतं, हे दोन्ही माहीत हवं होतं. आणि त्या वेळी भारतातल्या स्थलांतराबद्दल पक्कं असं फार थोडं माहीत होतं. सोसायटीनं धार संस्थानात १९२० च्या दशकात कडी चढवण्याचा छोटा प्रयत्न केला होता, पण तो वाढला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेला या प्रश्नात रस आहे म्हटल्यावर अलींनी संधी ओळखली, आणि १९५९ पासून संघटनेच्या मदतीनं सोसायटीचा पक्षी स्थलांतर प्रकल्प सुरू झाला.

भरतपूरसारख्या ठिकाणी रात्ररात्र जाळी लागली. पकडण्याच्या कामात बिहारचे मीरशिकार होते. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून विकणाऱ्या या लोकांचं कसब इतकं, की पिसू न दुखवता बदक हातात येई. वजन, पंखाची लांबी, क्रमांकाची कडी, अंगावरच्या गोचिडा आणि इतर परजीवी वेचून बाटलीत, गरज असेल तिथे रक्ताचा थेंब. वर्षानुवर्षं असं हजारो पक्ष्यांचं झालं. भारतात कडी चढवलेली बदकं सोव्हिएत संघातल्या पाणथळींवर सापडल्याची पत्रं येऊ लागली, आणि पाहुणे येतात कुठून याचा नकाशा पहिल्यांदा पुराव्यानं भरू लागला.

आजाराच्या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी आलं. क्यासनूरचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांनी आणला, याला पुरावा मिळाला नाही. तो स्थानिक जंगलातच मुरलेला होता. गोचीड, उंदीर-घुशी, चिचुंद्र्या, माकडं यांच्यात तो फिरत होता. जंगल तोडून वस्ती आणि शेती आत शिरली, गुरं चरायला गेली, गुरांच्या रक्तावर गोचिडांची संख्या वाढली, आणि माणूस त्या चक्रात सापडला. २०१६ मध्ये हाच माकडताप महाराष्ट्रात सिंधुदुर्गच्या दोडामार्ग भागात आला. काजूच्या बागेत आणि जंगलात जाणाऱ्यांना अंगाला लावायचं गोचीड-प्रतिबंधक तेल, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, माकड मेलेलं दिसलं तर न शिवता कळवणं, हे उपाय तिथे सांगितले जातात. त्यात पक्ष्यांचा उल्लेख लागत नाही. आजार झालेल्या शंभरांतले तीन ते पाच दगावतात, तेव्हा चुकीच्या दिशेनं बोट दाखवत बसणं परवडलंही नसतं.

या प्रकल्पानं अलींना मनस्तापही दिला. पुढे त्यात अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाचा पैसा आला, आणि १९७० च्या दशकात वृत्तपत्रांतून नि संसदेत गदारोळ उठला. पक्ष्यांच्या नावाखाली जैविक युद्धाची तयारी चालली आहे, असा आरोप होता. अलींना तो जिव्हारी लागला. पक्ष्यांच्या अभ्यासापलीकडे त्यांच्या मनात काही असल्याचं कधी दिसलं नाही. तरीही पैसा कुठल्या खात्यातून येतो, हे विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही. शीतयुद्धाच्या दिवसांत तो प्रश्न रास्त होता, आणि विज्ञानाच्या धुंदीत अलींनी तो हलका घेतला असं म्हणायला जागा आहे.

बर्ड फ्लूचं प्रकरण मात्र माकडतापासारखं एका शब्दात मिटत नाही. फ्लूचे विषाणू रानबदकांत आणि पाणपक्ष्यांत मुळातच असतात, बहुधा त्यांना फारसा त्रास न देता. कोंबड्यांच्या दाटीत शिरल्यावर त्यांतले काही घातक होतात आणि तिथून उलटे रानपक्ष्यांत येतात. २००५ मध्ये चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर हजारो पाणपक्षी मेले. त्यांत सर्वाधिक होते आपल्याकडे हिवाळ्यात येणारे पट्टकादंब. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात कोंबड्यांत हा आजार आला. पक्षी विषाणू दूरवर नेऊ शकतात, हे खरं. आजारी कोंबड्यांची आणि अंड्यांची वाहतूक, खुराडी, गाड्यांची चाकं, पायातल्या चपला हेसुद्धा तो नेतात, हेही तितकंच खरं. गोरेवाड्यातल्या वाघांच्या बाबतीत पहिला संशय त्यांना मिळालेल्या मांसावरच गेला होता. प्रत्येक वेळी कोण दोषी, हे नमुने आणि नोंदी पाहूनच ठरतं, आणि पाहुणा कुठून आला हे सांगणाऱ्या नोंदींचा पाया त्या १९५९ च्या प्रकल्पात आहे. आता कडीच्या जोडीला मानेतले रंगीत पट्टे आणि उपग्रहाशी बोलणारी यंत्रं आली आहेत. त्यांनीच दाखवलं की पट्टकादंब सात हजार मीटरच्या वरूनही हिमालय पार करतो.

अलींच्या हातून चुका झाल्या नाहीत असं नव्हे. सगळ्यात मोठी भरतपूरची. केवलादेवच्या पाणथळीत म्हशी चरू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. पुढे सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी गेल्यावर गवत माजलं, उघडं पाणी घटलं आणि बदकांची गैरसोयच झाली. पूर्व विदर्भातल्या तलावांसाठी हा धडा दूरचा नाही. मामा तलाव हे माणसांनी बांधलेले, माणसांनी राबते ठेवलेले. गाळ काढणं, मासेमारी, काठावरची चराई थांबली की बेशरम आणि जलपर्णी पाण्यावर पसरते. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाच्या गटांनी तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, त्यानंतर मासे परतले आणि पक्षीही.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडी ग्रंथ, १९८५ मध्ये राज्यसभा, असं बरंच काही आयुष्याच्या उत्तरार्धात जमा झालं. २० जून १९८७ रोजी मुंबईत, कर्करोगाशी झगडत, नव्वदाव्या वर्षी ते गेले. पाच वर्षांपूर्वीच, २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपुरातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला होता. आता महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा, अशा दोन जन्मदिवसांमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. नेमके तेव्हाच पहिले थवे उतरत असतात.

या हिवाळ्यात तलावावर जाणाऱ्यांनी दुर्बिणीतून पायांकडे आणि मानेकडेही पाहावं. कडी किंवा रंगीत पट्टा दिसला तर रंग, अक्षरं, अंक, जागा आणि तारीख टिपून ठेवावी, जमलं तर फोटो काढावा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले आढळले तर हात न लावता, कुत्र्यांना दूर ठेवून, पशुसंवर्धन विभागाला किंवा वन विभागाला सांगावं. कोंबड्या पाळणाऱ्यांनी त्या तलावाच्या पाण्यावर सोडू नयेत आणि काठावरून आल्यावर चपला धुवाव्यात. वाहीत लिहिलेला अंक मंगोलियात किंवा कझाकस्तानात कुणीतरी चढवलेल्या पट्ट्याचा निघाला, तर काही आठवड्यांनी उलटं पत्र येतं, आणि त्यात तो पक्षी कुठल्या सरोवराकाठी, कुठल्या दिवशी हातात धरला होता, हे लिहिलेलं असतं.